टक्के कशाचे? पदवीच्या पहिल्या वर्षातलं व्यवहारगणित कसं शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एफ.वाय.बी.ए.ला आहात, ओपन इलेक्टिव्ह म्हणून व्यवहारगणिताचा पेपर वाट्याला आला. दहावीला गणितात जेमतेम पास झालात आणि त्यानंतर या विषयाचं तोंड पाहिलं नाही. सूत्रं पाठ होत नाहीत. आता सूत्रं पाठ करावीत, की पहिलीपासून सगळं गणित नव्यानं शिकावं? कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्हींची गरज नाही. विद्यापीठागणिक अभ्यासक्रम थोडा बदलतो, पण साधारणपणे शेकडेवारी, नफा-तोटा, सूट, जीएसटी, सरळव्याज, चक्रवाढ व्याज, कर्जाचे हप्ते, गुणोत्तर-प्रमाण, टप्प्यांचे दर, मापं, सरासरी आणि आलेख वाचणं एवढंच त्यात असतं. यातलं जवळजवळ सगळं तुम्ही शाळेत केलेलं आहे. बालभारतीच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकातली ‘सूट व कमिशन’ आणि ‘चक्रवाढ व्याज’ ही दोन प्रकरणं आणि दहावीच्या गणित भाग १ मधलं ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण काढा. घरी पुस्तकं नसतील तर धाकट्या भावंडांची किंवा शेजारच्यांची मागून घ्या. ही तीन प्रकरणं सोडवलेल्या उदाहरणांसह नीट वाचलीत की पाया तयार झाला. बैजिक राशींचे अवयव, वर्गसमीकरणं, भूमितीच्या सिद्धता यांना हात लावू नका. दहावीला ज्या गोष्टींनी घाम फोडला, त्यातल्या बहुतेक या पेपरात येतच नाहीत.

मग मुलं अडतात कुठे? गुणाकार-भागाकारात फार कमी. ते मोबाइलही करून देतो. अडतात ती गुणायचं कशाला आणि भागायचं कशानं हे ठरवताना. माझं सगळं सांगणं एका प्रश्नात बसतं आणि वर्गात मी तो सतत विचारतो: टक्के कशाचे? कोणताही टक्का दिसला की त्याच्यापुढे ‘अमक्याचे’ असं लिहिल्याशिवाय पेन पुढे न्यायचं नाही. एवढी एक सवय लागली तर निम्म्याहून जास्त पेपर सुटतो, असं मी अनुभवानं सांगतो.

जीएसटीचं उदाहरण घ्या. एका वस्तूची सगळे कर धरून किंमत ११८० रुपये, जीएसटी १८ टक्के. मूळ किंमत किती? बहुतेक मुलं ११८० चे १८ टक्के काढतात, २१२ रुपये ४० पैसे येतात, ते वजा करून ९६७ रुपये ६० पैसे असं उत्तर लिहितात. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. कारण तो १८ टक्के कर ११८० वर लागलेलाच नव्हता, मूळ किमतीवर लागला होता. मूळ किंमत १०० धरली तर कर धरून ११८ होते. म्हणून ११८० ला १.१८ नं भागायचं. मूळ किंमत १००० रुपये, कर १८० रुपये. ताळा उलटा करून बघा: १००० चे १८ टक्के १८०, बेरीज ११८०. जुळलं.

आता शेतातलं उदाहरण, कारण माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी शेती असते. युरियात नत्र ४६ टक्के असतं. म्हणजे युरियाच्या वजनाच्या ४६ टक्के. ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र. हा सरळ प्रश्न झाला, सगळ्यांना जमतो. पण पिकाला एकरी ५० किलो नत्र द्यायचं असेल तर युरिया किती लागेल? इथे पुन्हा मुलं ५० चे ४६ टक्के काढून २३ किलो लिहितात. क्षणभर थांबून विचार केला तर कळतं, की २३ किलो युरियातून ५० किलो नत्र निघेलच कसं? भागायला हवं: ५० भागिले ०.४६, म्हणजे सुमारे १०८.७ किलो, जवळपास २.४ गोण्या. १०:२६:२६ या खताच्या गोणीवरचे आकडेही असेच वाचायचे. ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश.

जीएसटीचं आणि युरियाचं गणित दिसायला वेगळं, पण आतून एकच आहे. पूर्ण माहीत असेल आणि भाग काढायचा असेल तर गुणायचं, भाग माहीत असेल आणि पूर्ण काढायचं असेल तर भागायचं. हे एकदा उमगलं की पुस्तकातली दहा वेगवेगळी सूत्रं पाठ करावी लागत नाहीत. सूत्रं पाठ होत नाहीत ही तुमची तक्रार आहे ना, तर या जागी त्यांची गरजच नाही.

लागोपाठच्या टक्क्यांनाही हाच प्रश्न लावा. ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ अशी पाटी दुकानात लागलेली असते. दुसरे १० टक्के कशाचे? उरलेल्या किमतीचे. १००० चे ८०० झाले, ८०० चे १० टक्के म्हणजे ८० गेले, राहिले ७२०. सूट ३० टक्के नव्हे, २८ टक्के. कांदा २० रुपयांवरून ५० वर गेला तर वाढ १५० टक्के, आणि तोच ५० वरून पुन्हा २० वर आला तर घट ६० टक्के. दोन्ही वेळा फरक ३० रुपयांचाच आहे, पाया बदलला म्हणून टक्के बदलले. बातमी वाचतानाही हे उपयोगी पडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. हा दर ‘पाव टक्क्यानं कमी झाला’ असं आपण म्हणतो, म्हणजे दोन दरांमधली नुसती वजाबाकी सांगतो. मूळ दराच्या तुलनेत घट मोजायची तर ती ३.८५ टक्क्यांच्या आसपास येते. परीक्षेत या दोन गोष्टींची गल्लत करायला लावणारा प्रश्न हमखास असतो.

आता कर्ज. माझ्या मते या संपूर्ण पेपरातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आणि बहुतेक वर्गांत तो घाईघाईत उरकला जातो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात पुढच्या दोन-तीन वर्षांत दुचाकीचं, शिक्षणाचं किंवा घरदुरुस्तीचं कर्ज घेतलं जाईल आणि कागद वाचायला तुम्हालाच बसवलं जाईल.

समजा दुचाकीसाठी ६०,००० रुपये कर्ज, २ वर्षं मुदत, व्याज ‘१२ टक्के फ्लॅट’. विक्रेता हिशेब असा मांडतो: वर्षाला ७,२०० व्याज, दोन वर्षांचं १४,४००, एकूण ७४,४००, भागिले २४, महिन्याचा हप्ता ३,१००. हिशेबात खोट नाही. पण विचारा: हे १२ टक्के कशाचे? पहिल्या दिवशी घेतलेल्या पूर्ण ६०,००० चे, आणि तेही २४ महिने सलग. प्रत्यक्षात तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत चाललेला असता. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे जेमतेम अडीच-तीन हजार उरलेले असतात, व्याज मात्र ६०,००० वरच चालू असतं. शिल्लक रकमेवर व्याज धरून हाच ३,१०० चा हप्ता तपासला तर खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो.

आणि शिल्लक रकमेवर खरोखर १२ टक्के दर असता तर? महिन्याला १ टक्का. हप्ता सुमारे २,८२४ रुपये आला असता, दोन वर्षांचं एकूण व्याज ७,८०० च्या आत राहिलं असतं. १४,४०० आणि ७,८०० यांतला फरक नीट बघा. दोन्ही कागदांवर ‘१२ टक्के’ असंच लिहिलेलं असू शकतं.

हे सूत्रानं शिकू नका, तक्त्यानं शिका. वहीत किंवा गुगल शीटवर सहा रकाने आखा: महिना, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, मुद्दलात गेलेली रक्कम, शेवटची बाकी. पहिली ओळ: बाकी ६०,०००, व्याज ६००, हप्ता २,८२४, मुद्दलात २,२२४, उरले ५७,७७६. दुसरी ओळ: बाकी ५७,७७६, व्याज ५७७.७६, म्हणून मुद्दलात २,२४६.२४, उरले ५५,५२९.७६. असं चोविसाव्या ओळीपर्यंत जा. हप्त्याचे पैसे सोडून दिल्यामुळे शेवटी दहा-अकरा रुपयांच्या फरकानं बाकी शून्याजवळ येते. पहिले चार-पाच महिने तरी हातानं करा, मग शीटवर सूत्र खाली ओढा. एकदा हा तक्ता स्वतः केलेल्या मुलाला हप्त्याचं सूत्र वेगळं समजवावं लागत नाही. व्याज दर महिन्याला का घटतं, मुदत वाढवली की हप्ता उतरतो पण एकूण व्याज का चढतं, मधेच जादा रक्कम भरली तर फायदा कुठे होतो, हे सगळं त्याला रकान्यांत दिसतं.

रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ (रिटेल) कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी ग्राहकाला मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर, म्हणजे शुल्कं धरून होणारा वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करायची तर त्या आकड्यावर करा, जाहिरातीतल्या दरावर नको.

गावाकडे खाजगी उसनवारीत दर वेगळ्या भाषेत सांगतात. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभराला महिना तीन रुपये. वर्षाचे ३६ टक्के. व्याज न देता ते दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेलं तर वर्षाअखेर १०० चे १४२ रुपये ५८ पैसे होतात. ऐकताना ‘तीन’ हा आकडा लहान वाटतो, म्हणून टक्के कशाचे याच्या जोडीला दुसरा प्रश्न लागतो: किती काळाचे? व्याजाच्या प्रत्येक उदाहरणात दर आणि मुदत एकाच मापात, दोन्ही वर्षांत किंवा दोन्ही महिन्यांत आणूनच पुढे जायचं.

चक्रवाढीचा दुसरा चेहरा बचतीत दिसतो. १ लाख रुपये ७.१ टक्क्यांनी १५ वर्षं ठेवले, तर सरळव्याजानं २ लाख ६ हजार ५०० होतात आणि दरसाल चक्रवाढीनं सुमारे २ लाख ८० हजार. तोंडी अंदाजासाठी ७२ ला दरानं भागा: ७२ भागिले ७.१, म्हणजे साधारण दहा वर्षांत दुप्पट. जाता जाता एक कामाची गोष्ट: पीपीएफ खात्यात महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. घरात कोणाचं खातं असेल तर आजच सांगा.

टप्प्यांचं गणितही याच पेपरात येतं. विजेच्या बिलाबद्दल एक समज घरोघरी आहे, की ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दरानं येतं. तसं नसतं. सोयीसाठी दर असे समजा: पहिले १०० युनिट ५ रुपयांनी, पुढचे २०० युनिट १० रुपयांनी, त्यापुढचे १४ रुपयांनी. ३०० युनिटला ५०० अधिक २,००० म्हणजे २,५०० रुपये, ३०१ युनिटला २,५१४. फक्त वरचं एक युनिट महागलं. बिलात याशिवाय स्थिर आकार, वहन आकार असतात आणि शेवटी वीज शुल्क टक्क्यांत लागतं. घरच्या बिलावर ते टक्के कोणत्या बेरजेवर लावलेत हे स्वतः शोधून काढा, फार चांगला सराव होतो.

प्राप्तिकराची रचनाही अशीच टप्प्यांची. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १३ लाख असेल तर पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या १ लाखावर १५ टक्क्यांनी १५,०००. एकूण ७५,०००. त्यावर ४ टक्के उपकर. कशाचे ४ टक्के? उत्पन्नाचे नव्हे, कराचे. म्हणजे ३,०००, सगळे मिळून ७८,०००.

मापांचा भाग पुस्तकात कोरडा वाटतो, पण आपल्याकडे त्याला घरचे संदर्भ आहेत, ते वापरा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेलं असतं आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक गुंठा एका आरपेक्षा किंचित मोठा. म्हणून सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर दिसलं की ते दोन एकर आहे हे तोंडी सांगता यायला हवं. घराचं काम चालू असेल तर ब्रास शिका: खडी-वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २० गुणिले २५ फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब असेल तर ५०० ला ५ नं गुणायचं नाही, ५ इंचांचे फूट करायचे. ५०० गुणिले ५ भागिले १२, सुमारे २०८ घनफूट, दोन ब्रासहून थोडं जास्त काँक्रीट. जो मुलगा आकड्याशेजारी एकक लिहितो, तो इथे सहसा चुकत नाही.

सरासरीबद्दल थोडक्यात. दहा जणांपैकी नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला २४ लाख पगार असेल तर सरासरी ५ लाख १० हजार येते आणि तेवढा पगार कोणालाच नसतो. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३ लाख. कॉलेजांच्या जाहिरातीतलं ‘सरासरी पॅकेज’ वाचताना मध्यक विचारा. तसंच सीईटीतले ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातल्या साधारण ९० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

अभ्यासाच्या पद्धतीकडे येतो. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी उत्तराचा अंदाज वहीच्या समासात लिहा, ही माझी सक्त सूचना असते. २,३५० चे १८ टक्के हवेत: १० टक्के २३५, दुप्पट केले की २० टक्के ४७०, त्यातून २ टक्के म्हणजे ४७ वजा, ४२३. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण अशांचे पाढे) पाठ असायची. ती आज कोणी पाठ करावी असा माझा आग्रह नाही, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांत विचार करायची सवय मात्र पुन्हा लावून घ्या. २५ टक्के म्हणजे पाव, साडेबारा टक्के म्हणजे त्याचा अर्धा. अंदाज हाताशी असला की दशांशचिन्ह सरकलेलं किंवा भागायच्या ऐवजी गुणलेलं लगेच नजरेला खटकतं.

‘मला गणित येतच नाही’ हे मनातून काढायला हवं, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विकताना विचारलेल्या हिशेबांत ही मुलं जवळजवळ चुकत नव्हती. त्याच आकड्यांची गणितं शाळेसारखी कागदावर दिली तेव्हा मात्र निम्म्याहून जास्त चुकली. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल जो मोठा अभ्यास आला, त्यातही हेच दिसलं. उलट बाजूही त्यात होती: फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातले साधे हिशेब धड जमत नव्हते. माझ्या वर्गातही आठवडी बाजारात बसणाऱ्या मुली तोंडी उत्तर आधी सांगतात आणि मांडायला सांगितलं की गप्प होतात. तुम्ही यांतल्या असाल तर तोंडी केलेली प्रत्येक पायरी तशीच, आपल्या शब्दांत, वहीत उतरवा. ‘१०० चे ११८ झाले, मग ११८० कशाचे झाले?’ एवढं लिहिलं तरी ती रीत आहे आणि परीक्षक त्याला गुण देतो. जुनं त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याची रीत, याहून वेगळं नाही.

आठवड्याला घरातला एक खरा कागद घ्या: वीजबिल, किराण्याचं जीएसटी बिल, बँकेचं पासबुक, सोनं तारण ठेवल्याची पावती, बचत गटाची वही, सातबारा. त्यावरचा निदान एक आकडा स्वतः पुन्हा काढून जुळवा. जुळला नाही तर कागद घेऊन शिक्षकांकडे जा. बचत गटाची वही विशेष चांगली, कारण त्यात अंतर्गत कर्ज, व्याज आणि शिल्लक तिन्ही असतात, आणि गटाच्या ताई हिशेब समजावून सांगायला आनंदानं बसतात. अशा दहा-बारा कागदांवर सत्राचा बराचसा अभ्यास होऊन जातो.

परीक्षेसाठी मागच्या प्रश्नपत्रिका आणि विभागानं दिलेली उदाहरणं सोडवा, साधा कॅल्क्युलेटर चालतो का हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, आणि चालत असेल तर त्याच कॅल्क्युलेटरवर सराव करा. उत्तराशेजारी रुपये, महिने, किलो जे असेल ते लिहा. आणि अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्प असेल तर वर सांगितलेला कर्जाचा तक्ता करा: एकाच दुचाकीसाठी फ्लॅट आणि घटत्या शिलकीचा, असे दोन तक्ते शेजारी शेजारी. सुरुवात शनिवारी बसून पहिल्या चार ओळींपासून करा. कुठे अडलात तर ती ओळ इथेच लिहून पाठवा, मी बघतो.